गोंदाखालचा आवाज

मी एक जुना पॉवर सप्लाय आहे. मित्रांनो, तुम्ही मला पाहिलेलं नसणार. तुमच्या घरात माझी कितीतरी भावंडं असतील, टीव्हीत, संगणकात, चार्जरमध्ये, भिंतीवरच्या दिव्यातसुद्धा. पण ती सगळी डब्यात कोंडलेली. भिंतीतली वीज फार दांडगी असते. ती आहे तशी यंत्राला दिली तर यंत्र जळून जाईल. म्हणून आम्ही तिचे बारीक तुकडे करतो, तिला वेसण घालतो आणि यंत्राला झेपेल तेवढीच पुढे सोडतो. टीव्ही चांगला चालला तर कौतुक टीव्हीचं. बंद पडला की मात्र लगेच, "सप्लाय गेला असेल."

याची माझी तक्रार नाही. राग आहे तो दुसऱ्याच गोष्टीचा. मी ओरडलो तेव्हा माझ्या तोंडात गोंद भरला गेला. तेच सांगायला बसलो आहे, आणि गोड करून सांगणार नाही.

आधी मी ओरडतो कसा, ते समजून घ्या. माझ्यात पंखा नाही, चाक नाही, भोंगा नाही. पण तांब्याच्या तारेचे वेढे घातलेली एक कॉइल आहे. वीज चालू-बंद होते तशी ती तार किंचित थरथरते, सेकंदाला हजारो वेळा. इतका बारीक आवाज माणसाला ऐकू येत नाही. पण माझ्यात काही सैल झालं, काही सुकलं, किंवा काम फारच कमी पडलं, की माझी लय खाली घसरते आणि थेट तुमच्या कानात शिरते. चिंऽऽ असा, कानाशी डास यावा तसा.

मला बनवलं त्या कारखान्यात कॉइल व्हार्निशमध्ये बुडवायची पद्धत होती. व्हार्निश तारेच्या वेढ्यांत मुरतं, सुकतं आणि तारेला घट्ट धरून ठेवतं. त्याला वेळ द्यावा लागतो. माझ्या वेळी माल पाठवायची घाई होती. मला बुडवलं न बुडवलं आणि बाहेर काढलं. आत हवेचा बुडबुडा तसाच राहिला. मग तपासणी. तपासणाऱ्याने कान लावला, "शांत आहे" म्हणाला आणि शिक्का मारला. शेजारी हवेचा कॉम्प्रेसर धडधडत होता. त्या हॉलमध्ये रेडा ओरडला असता तरी तोही शांतच ठरला असता. शांतता तपासायची तर आधी स्वतः शांत व्हावं लागतं, हे कुणाला सुचलं नाही.

तिथून मी एका छोट्या ऑक्सिजनच्या यंत्रात बसलो. हे यंत्र खोलीतली हवा ओढून घेतं, तिच्यातला ऑक्सिजन वेगळा करतं आणि नळीतून आजारी माणसाच्या नाकाशी सोडतं. त्याच्या पंपाला वीज मी पुरवायची. मी थांबलो की पंप थांबला, पंप थांबला की श्वास थांबला. असं काम होतं माझं. मला त्याचा अभिमान होता.

ज्या घरी मी गेलो तिथे एक सासूबाई होत्या. नोकरीत असताना बसच्या कंडक्टर. सारा जन्म "पुढे सरका, पुढे जागा आहे" असं ओरडत काढला, आणि आता फुप्फुसं थकली होती. जीभ मात्र अजून ड्यूटीवर होती. मुलगा पहाटेच लाँड्रीत कामाला जाई. घरी सून आणि सासू. सुनेचा शिवणाचा धंदा. खिडकीशी तिचं मशीन आणि पलंगाशी मी.

पहिल्याच महिन्यात माझी ती सैल तार बोलायला लागली.

"आई, या यंत्रातून चिं असा आवाज येतोय."

"मला नाही येत."

"तुम्हाला मी मारलेली हाकही येत नाही."

"हाक येते. ओ द्यायची की नाही ते मी ठरवते."

सून हसली, पण तिने गोष्ट सोडली नाही. त्या घरात ऑक्सिजनचा एक छोटा सिलिंडर अडीअडचणीला ठेवलेला होता. सासूबाईंना त्याच्यावर लावून, शेजारणीला बसवून, ती मला घेऊन बाजारामागच्या गल्लीतल्या दुरुस्तीच्या दुकानात गेली.

मित्रांनो, त्या दुकानात मला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी ऐकलं.

दुकान नवरा-बायकोचं होतं. त्याला सगळे मिस्त्री म्हणत आणि तिला वहिनी. मिस्त्री तरुणपणी पत्र्याचे डबे ठोकणाऱ्या कारखान्यात होता. त्या ठोकाठोकीत त्याचे बारीक आवाजांचे कान गेले. माणसांचं बोलणं नीट ऐकू येई, पण शिट्टीच्या वरचं सगळं बंद. हात मात्र असे की केसाएवढी तार सोल्डरने जोडताना थरथरायचे नाहीत. वहिनीने कधी सोल्डर हातात धरलं नाही, पण तिचे कान तिखट. तेव्हा दोघांनी काम वाटून घेतलं होतं. तो हात, ती कान.

मी आलो तशी तिने दुकानातला पंखा बंद केला. रेडिओ बंद केला. शटर अर्धं ओढलं. सुनेला म्हणाली, "बाई, बांगड्या धर जरा." मिस्त्रीने मला यंत्रातून बाहेर काढलं आणि पंपाच्या जागी गाडीचे जुने दिवे जोडले, कारण पंपाच्या धडधडीत माझा आवाज काय समजणार? वहिनीने प्लॅस्टिकची एक नळी घेतली. एक टोक कानात, दुसरं टोक माझ्या अंगावरून फिरवत राहिली, डॉक्टर छातीवरून नळी फिरवतात तशी. दुसरा हात पाठीमागे. तो तिचा नियम होता. उघड्या सप्लायजवळ एकच हात न्यायचा, म्हणजे वीज एका हातातून शिरून काळजातून दुसऱ्या हाताकडे जाणार नाही. (तुम्ही यातलं काहीही घरी करायचं नाही. एक हातही नाही.)

"एक दिवा लाव," ती म्हणाली. त्याने लावला. "दुसरा. तिसरा. थांब. आवाज बदलला. काढ एक. हां, परत आला."

"मला काहीच ऐकू येत नाही," मिस्त्री म्हणाला.

"म्हणून तर संसार टिकला."

मग तिने लाकडाची एक काडी घेतली आणि माझे एकेक भाग हलकेच दाबून पाहिले. काडी कॉइलवर टेकली तसा मी गप्प झालो. काडी उचलली, मी बोललो. पुन्हा टेकवली, पुन्हा गप्प.

"ही सैल आहे. बाकी तब्येत छान. हे कण्हणं नाही, गाणं आहे."

सुनेला तिने समजावून सांगितलं. सप्लायचे आवाज दोन जातींचे. काही नुसतेच गातात. तार सैल असते, एखादा छोटा भाग थरथरतो. जीवाला धोका काही नसतो. आणि काही कण्हतात, कारण आत काहीतरी मरत असतं. दोन्ही आवाज बंद करता येतात. पण कोणता कुठला, हे कळायच्या आधी बंद करणं म्हणजे पाप.

"आणि नवरे घोरतात ते?" सुनेने मिस्त्रीकडे बोट दाखवलं.

"ते गाणंही नाही, कण्हणंही नाही. तो माज आहे."

मिस्त्रीने माझ्या कॉइलमध्ये व्हार्निश सोडलं आणि ते मुरेपर्यंत घाई केली नाही. कारखान्याने जे केलं नव्हतं ते या गल्लीत झालं. मी शांत होऊन घरी परतलो आणि पुढे बरीच वर्षं मुकाट्याने राबलो. सासूबाई रोज नळी नाकाला लावताना म्हणत, "चला, सुटली बस." मला ते फार आवडे.

आता रागाचा भाग.

माझ्या पोटात एक कपॅसिटर आहे, पत्र्याच्या छोट्या डब्यासारखा. वीज हिसके देते तेव्हा ते हिसके तो पोटात घेतो आणि पुढे सपाट वीज सोडतो. त्याच्या आत ओल असते. वर्षानुवर्षं उष्णतेत राहिला की ती ओल सुकत जाते. माझी सुकायला लागली. मग सकाळी थंड असताना मला सुरू केलं की माझी चाल अडखळू लागली. मी ओरडू लागलो. पूर्वीसारखा एकसुरी चिं नाही, चिर्र-चिर्र, ठेचकाळल्यासारखा. थोडा गरम झालो की त्या सुकलेल्या डब्यात पुन्हा जरा जीव येई आणि आवाज थांबे. मी गात नव्हतो, मित्रांनो. कण्हत होतो.

सुनेने ऐकलं. याही वेळी तिनेच. ती मला घेऊन त्याच दुकानात गेली.

रेडिओ चालू होता. पंखा चालू होता. शटर सताड उघडं होतं. वहिनीच्या स्टुलावर खोक्यांची चळत होती, आणि भिंतीवर तिचा फोटो.

सून दारातच थांबली. "वहिनी..?"

"पावसाळ्याआधी गेली," मिस्त्री म्हणाला. "काय झालंय याला?"

एवढंच. सुनेने माझं दुखणं नीट सांगितलं. "सकाळी थंड असताना ओरडतो. गरम झाला की गप्प होतो."

"गप्प होतो ना? मग झालं. काही नसतं ते."

ऐकलंत? थंड असताना ओरडतो आणि गरम झाला की गप्प होतो, याहून स्पष्ट सांगणं नाही. वहिनी असती तर नळी हातात घ्यायच्या आधीच तिने बोट ठेवलं असतं: कपॅसिटर सुकला. मिस्त्रीलाही हे माहीत होतं. तिच्या शेजारी बसून त्याने असे कितीतरी बदलले होते. पण त्याला आता ऐकायचंच नव्हतं. कान गेले होते हे खरं, पण कानाशिवायही वाटा आहेत. काडीचं टोक दातात धरलं तर थरथर कळते. मीटर आहे. दिवे कमी-जास्त करून गिऱ्हाईकाला विचारता येतं. त्याने काही केलं नाही. ग्लू गन उचलली आणि माझ्यावर गरम गोंद ओतला. कॉइलवर, ट्रान्सफॉर्मरवर, आणि त्या बिचाऱ्या सुकणाऱ्या कपॅसिटरवरही. गळ्यापर्यंत.

मग मला सुरू केलं आणि रेडिओच्या आवाजात सुनेला विचारलं, "आता येतोय?"

"नाही," ती म्हणाली.

"झालं तर."

त्या फळीवर माझ्यासारखे आणखी पाच-सहा होते, सगळ्यांच्या अंगावर पिवळट गोंद. तिच्यामागे तो असाच दुकान चालवत होता. येईल त्याचं तोंड बंद करत होता.

तुम्हाला त्याची दया येते का? मला नाही आली. दुःख झालं म्हणून माणसाने दुसऱ्याचं दुखणं ऐकू नये, असा काही नियम नाही. गोंदाने माझा आवाज अडला, आणि उष्णताही अडली. जो डबा सुकत होता तो आता गोधडीखाली घातल्यासारखा भाजू लागला. महिनोन्महिने चाललं असतं ते काही दिवसांत संपलं.

दुपार होती. सून ब्लाउजची बाही जोडत होती, सासूबाई डुलकी घेत होत्या. माझी वीज ढेपाळली. पंप हळू झाला, अडखळला आणि थांबला. यंत्राची धोक्याची घंटा वाजू लागली. तिची स्वतःची बॅटरी होती म्हणून वाजली. सून धावली. सासूबाईंचे ओठ निळसर झाले होते. तिने सिलिंडरची चावी फिरवली, नळी लावली आणि त्यांचे दोन्ही हात धरून बसली. मी तिथेच होतो, गोंदात. काहीही करू शकत नव्हतो.

बऱ्याच वेळाने सासूबाईंनी डोळे उघडले. "काय बंद पडलं? यंत्र की मी?"

सून रडली. मग नवऱ्याला फोन करून बोलावून घेतलं, त्याला आईपाशी बसवलं, मला पिशवीत घातलं आणि ती निघाली. सिलिंडर रात्रीपर्यंतच पुरणार होता.

दुकानात तिने मला टेबलावर आपटलंच. मला लागलं, पण बरं वाटलं.

"माझी सासू मरत होती! हे तुमचं काम? आवाज बंद केलात आणि यंत्रही बंद केलंत!"

तिने पुढे होऊन रेडिओ बंद केला. पंखा बंद केला.

"वहिनी असत्या तर असं झालं असतं का?"

"तिचं नाव काढू नका," तो म्हणाला.

"काढणार. शंभरदा काढणार. त्यांनी मला शिकवलं होतं, कण्हणं वेगळं आणि गाणं वेगळं. तुम्ही काय ऐकलंत?"

"मला ऐकू येत नाही!" मिस्त्री ओरडला. शेजारच्या चपलांच्या दुकानातला माणूस डोकावून गेला. "मला काही ऐकू येत नाही, बाई. ती सांगायची, मी करायचो. तिचाही खोकला मला नुसता खोकलाच ऐकू आला. ती सिरप घ्यायची, खोकला थांबायचा. थांबला की आम्ही दोघं खूश. सगळ्यांची यंत्रं ऐकणारी बाई, स्वतःचं नाही ऐकलं तिनं. डॉक्टरकडे गेलो तेव्हा आत काही उरलंच नव्हतं."

सून आता "असू दे" म्हणेल असं मला वाटलं. माणसं म्हणतात तसं. ती म्हणाली नाही.

"आणि मग तुम्ही माझ्या सासूच्या यंत्रालाही सिरपच पाजलंत."

तो शब्द त्याला कुठे लागला ते मी पाहिलं.

"मला ऐकू येतं," ती म्हणाली. तिने स्टुलावरची खोकी उचलून खाली ठेवली आणि स्वतः बसली. "काय ऐकायचं ते सांगा. आणि हा गोंद आधी काढा."

त्याने काढला. स्पिरिट लावून, चिमट्याने, एकेक पापुद्रा. कपॅसिटरचं डोकं फुगून वर आलं होतं. मला सुरू करण्याआधी त्याने तिला दुसरा हात पाठीमागे घ्यायला लावला. मग एक दिवा जोडला.

"येतोय. चिर्र-चिर्र," ती म्हणाली. "तुटक."

"कॉइलवर काडी ठेवा."

"ठेवली. काही फरक नाही."

"मग सैल तार नाही." त्याने केस वाळवायचं यंत्र घेऊन माझ्या पोटावर गरम हवा सोडली. "आता?"

"कमी होतोय. कमी होतोय. बारीक झाला."

त्याने मला बंद केलं, नवा कपॅसिटर त्या जुन्याच्या जोडीला नुसता टाचून लावला, मी पुरता गार होईपर्यंत थांबला, आणि मग पुन्हा सुरू केलं. दोघंही थांबली. गल्लीतून एक सायकल गेली.

"नाही," सून म्हणाली. "अजिबात नाही." मग खात्री करायला तिने नळी पुन्हा सगळ्या अंगावरून फिरवली. "खरंच नाही."

मिस्त्रीने जुना काढून नवा पक्का बसवला. दिवे जोडून मला भरपूर वेळ चालवलं, मीटर लावून पाहिलं, गार करून पुन्हा पाहिलं. त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि तो ते पुसत नव्हता, कारण दोन्ही हात कामात होते. सूनही "रडू नका" म्हणाली नाही. बरं केलं. अंधार पडायच्या आत मी पलंगाशी परत आलो होतो. "उशीर केलास," सासूबाई सुनेला म्हणाल्या. "डेपोत अडकली होतीस काय?"

मिस्त्रीने फळीवरच्या त्या सगळ्यांना खाली काढलं आणि गोंद खरवडला. जे गोंद घेऊन घरोघरी गेले होते त्यांच्या मालकांना फोन करून सांगितलं, परत आणा, मी नीट पाहिलं नव्हतं. काहींनी त्याला शिव्या दिल्या. द्यायलाच हव्या होत्या. आता त्याच्या दुकानावर पुठ्ठ्याची पाटी आहे: 'मला बारीक आवाज ऐकू येत नाही. आवाज तुम्ही ऐकून सांगा, दुरुस्ती मी करतो.' सून गिऱ्हाईकांचे कपडे द्यायला त्या बाजूला गेली की कधीकधी स्टुलावर बसते आणि दोन-चार सप्लाय ऐकून देते.

मित्रांनो, माझ्यासारखे तुमच्या घरात पुष्कळ आहेत, आणि माणसंही आहेत. कुणी चिंऽऽ केलं तर तुम्ही काय करता ते मला ठाऊक आहे. टीव्हीचा आवाज वाढवता. दार लावता. "सवय होईल" म्हणता. अरे, सवय तुम्हाला होते, ओरडणाऱ्याला होत नाही! तुम्ही लहान आहात आणि तुमचे कान मोठ्यांपेक्षा तिखट आहेत. मोठी माणसं "काही नाही ऐकू येत" म्हणाली म्हणून गप्प बसू नका. यंत्राला हात लावू नका, पण घर डोक्यावर घ्या. कुणीतरी येऊन पाहीपर्यंत घ्या.

आमच्या घरी आता रोज सकाळी एक गोष्ट होते. मला सुरू करायच्या वेळी सून शिवणाचं मशीन थांबवते. सुट्टीच्या दिवशी तिचा नवरा घरी असला तर नळ बंद करतो. सासूबाई, ज्यांना मी कधीच ऐकू आलो नाही, त्याही बोलायच्या थांबतात, आणि त्यांना ते किती जड जातं ते मला माहीत आहे. मग सून खाली वाकते, कान माझ्याजवळ आणते आणि मला विचारते, "काय रे, दुखतंय का काही?"

मग सगळं घर थांबून माझं उत्तर ऐकतं.